धाकूदादाची पट्टी

या, या. असे लांब भिंतीला टेकून बसू नका, इथे चटईवर या. कीर्तनात पुढे बसतो त्याला बुक्का आधी लागतो, आणि गोष्टही सगळी मिळते. आज तुम्हाला एका हंडीची गोष्ट सांगते. आमच्या गावच्या माघी सप्त्यात एकदा काल्याची हंडी फुटायची थांबली होती. खाली अख्खा गाव माना वर करून उभा, आणि वर हंडी नुसती झुलतेय. देवाने तेव्हा काय केलं, ते मी या माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

सुरुवात आदल्या दिवशी झाली.

"काय गो कुमुद, देवासमोर दुकान मांडलंस काय?" बाबल गुरव झाडू खांबाला टेकवून म्हणाला.

मी सभामंडपाच्या कडेला स्टुलावर लॅपटॉप ठेवून वायरी सोडवत बसले होते. गावात माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन अर्ज भरायचं दुकान होतं, त्यामुळे गावातला लॅपटॉप म्हणजे मीच. विश्रामबुवांची कीर्तनं मुंबईच्या, गुजरातच्या, आखातातल्या गावकऱ्यांना थेट ऐकवायचा नाद मला लागला होता. आधी एकाच माइकवर सगळं जायचं आणि टाळांच्या गलबल्यात बुवा बुडून जायचे. त्या वर्षी मला एक सोपा प्रोग्राम मिळाला होता. घरात बसून गप्पांचे कार्यक्रम करणाऱ्या लोकांसाठी केलेला. त्यात शिकायला काही नव्हतंच. प्रत्येक आवाजाची एक उभी पट्टी. बोटाने वर सरकवली की आवाज मोठा, खाली ओढली की लहान. आवाज आला की पट्टीत एक हिरवी रेघ नाचते. झालं.

विश्रामबुवा धोतराचा सोगा धरून माझ्या मागे येऊन वाकले. सत्तरी केव्हाच मागे टाकलेला माणूस, पण डोळे पोराचे.

"ही कोणाची पट्टी?"

"ही तुमची, बुवा. ही टाळकऱ्यांची. हा मृदंग. आणि ही मंडपाची, लोकांचा गजर येतो ना, त्याची."

"सगळे आपापलं वेगळं घेऊन येतात, आणि तू एकत्र कालवतेस."

"तसंच."

"म्हणजे कालाच की गो हा!" बुवा खूश झाले. "गोपाळांच्या शिदोऱ्या. बाबल्या, ऐकलंस काय? यंत्रात पण काला आहे."

"यंत्रात दही कुठाय?" बाबल म्हणाला आणि झाडायला लागला.

बुवांचं बोट शेवटच्या पट्टीवर गेलं. त्यावर प्रोग्रामनेच नाव दिलेलं होतं: पाहुणा. लांबून फोनवर बोलणाऱ्या माणसासाठी ती पट्टी असते.

"इथे धाक्या येणार ना उद्या?"

"हो."

"मग पाहुणा काय लिहिलंय? धाक्या पाहुणा? ते आधी पूस."

मी पुसलं आणि 'धाकूदादा' असं लिहिलं. बुवांनी ते चष्मा सरकवून वाचलं, मगच उठले.

धाकूदादा म्हणजे धाकू पांचाळ, गावचा सुतार आणि बुवांच्या पाठीमागचा मृदंग. फणसाच्या लाकडाचं खोड त्याने स्वतः कोरलेलं. बुवा आणि तो मिसरूड फुटायच्या आधीपासून एकत्र उभे राहत आले होते. बुवांचा श्वास कुठे संपणार हे बुवांच्या आधी धाकूदादाला कळायचं. आणि आमच्या गावची रीत अशी, की काल्याच्या कीर्तनात शेवटचं पद संपलं की मृदंगावर तीन थापा पडतात. तिसऱ्या थापेला गुरवाची काठी हंडीवर. थाप नाही तर हंडी नाही, आणि हंडी नाही तर सप्ता पुरा झाला नाही.

गणपती गेले आणि धाकूदादाला झटका आला. डावं अंग गेलं, वाचा गेली. मंदा, त्याची लेक, त्याला बडोद्याला आपल्या घरी घेऊन गेली. तिचे फोन यायचे. ती सांगायची, बाबा कोणाला ओळखत नाहीत. डोळे उघडे असतात, पण बघतात कुठे ते कळत नाही.

विश्रामबुवांनी सप्त्याच्या पहिल्याच दिवशी पंचांसमोर सांगून टाकलं होतं: "काल्याच्या थापा धाक्याच्याच पडतील. आमचा दोघांचा शब्द झालेला आहे. एकट्याने काला करायचा नाही."

"आणि नाही पडल्या तर?" पंचांनी विचारलं.

"नाही पडल्या, तर हंडी तशीच उतरवा. मग मीही गादीवरून उतरलो असं समजा. पुन्हा उभा राहणार नाही."

बुवा चेष्टेत बोलले नव्हते. म्हणून तर कोळवणच्या तुळाजीला मृदंगाच्या साथीला बोलावलं असूनही रोज सकाळी बुवा धाकूदादाचा मृदंग खुंटीवरून काढत, त्याच्या धुमेला, म्हणजे डाव्या तोंडाला, ताजी कणीक लावत आणि गादीशेजारी ठेवत.

"न वाजणाऱ्या मृदंगाला कणीक? त्यापेक्षा चपाती लाटा," बाबल म्हणायचा.

तुळाजीचं तोंड उतरायचं ते मला दिसायचं. बिचारा सात गावांत नावाजलेला, आणि इथे त्याला एका रिकाम्या मृदंगाच्या शेजारी बसावं लागत होतं.

त्या संध्याकाळी आम्ही सगळं जोडून भजनात चालवून बघितलं, आणि एक गंमत झाली. मुंबईला कसं दिसतं ते बघायला बाबलने आपल्या फोनवर आमचंच प्रक्षेपण लावलं आणि फोन बंडीच्या खिशात टाकून टाळ घेतला. बुवांनी चरण म्हटला. टाळकऱ्यांनी ध्रुपद उचललं. तेवढ्यात बाबलच्या खिशातून बुवांचा तोच चरण पुन्हा आला, उशिराने. आमचे टाळकरी शिस्तीचे हो! बुवांचा आवाज आला म्हणजे ध्रुपद उचललंच पाहिजे. मागच्या रांगेने खिशातल्या बुवांना धरलं, पुढची रांग समोरच्या बुवांबरोबर गेली. अर्धं भजन आज गात होतं, अर्धं मघाशी. विठ्ठलसुद्धा कमरेवरचे हात काढून कानांवर ठेवतो की काय असं झालं.

बुवांनी हात वर केला. हसता हसता त्यांना ठसका लागला. "बाबल्या, मी खिशात कधी गेलो रे?"

मी सांगितलं, "बुवा, आवाज लांब जाऊन परत येतो. त्याला वेळ लागतो."

बुवांचं हसू हळूहळू विरलं. "बडोद्याहून येईल त्यालाही?"

"थोडा. जायला थोडा, यायला थोडा."

"म्हणजे मी म्हटलेलं त्याला उशिरा पोचणार, आणि त्याची थाप मला आणखी उशिरा."

"हो."

"मग आम्ही दोघं एकमेकांच्या मागे धावतच राहणार की गो."

समईची वात बुवांनी बोटाने पुढे केली.

सकाळ उजाडली ती धुक्यात. मोहराचा वास देवळात शिरला होता आणि धुकं सभामंडपाच्या खांबांपर्यंत येऊन उभं होतं, जणू त्यालाही कीर्तन ऐकायचं होतं. दीपमाळ दिसत नव्हती. अंगणात दोरीवर हंडी टांगलेली, तीही कधी दिसायची, कधी नाही. बायका आल्या त्या आधी बांगड्यांच्या आवाजाने आल्या, मग लुगड्यांनी, मग तोंडांनी.

मी मंदाला जोडून घेतलं. पडद्यावर तिचा थकलेला चेहरा, मागे सागवानी पलंग. तो धाकूदादानेच तिच्या लग्नात करून दिलेला. पलंगावर धाकूदादा. किती लहान दिसत होता तो!

"ताई, फार आशा ठेवू नका गो," मंदा म्हणाली. "काल माझ्याकडे पण परक्यासारखे बघत होते. नुसता उजवा हात पलंगाच्या कडेवर आपटत राहतात. दिवसभर. लागेल म्हणून खाली उशी दिलीय."

"फोन जवळ ठेव. बाकी काही करू नको."

प्रोग्राममध्ये पट्ट्यांच्या दोन रांगा होत्या. डावी रांग म्हणजे जगाला आणि देवळातल्या कर्ण्यांना काय ऐकू जाईल ते. उजवी रांग म्हणजे लांबच्या माणसाला काय ऐकू जाईल ते. मी दोन्हींकडे सगळं सारखं वर ठेवलं आणि बुवा गादीवर उभे राहिले.

काय सांगू त्या दिवसाचं कीर्तन! बुवांनी गोपाळांच्या शिदोऱ्या सोडायला घेतल्या. कोणाची भाकरी, कोणाचं दही. आणि एक लंगडा गोपाळ, सगळ्यांच्या मागून येणारा, त्याची आंबील वाटेतच सांडलेली. तो गाडगं पाठीमागे लपवून उभा. देव म्हणाला, तुझं काय? तो म्हणाला, माझं काही नाही. देव म्हणाला, तुझ्यावाचून काला कसा व्हायचा? आण इकडे. आणि त्या रिकाम्या गाडग्यात बोट फिरवून देवाने बोट चाटलं.

हे सांगताना बुवांचा आवाज इतका हळू झाला होता, की मंडपात पानगळ ऐकू यावी. बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. धुक्यात ऊन मिसळलं होतं आणि सगळं दुधात बुडाल्यासारखं दिसत होतं. मी पट्टीवर बोट ठेवून बसले होते, पण मी देवळात होते की यमुनेच्या काठी, ते आज विचाराल तर सांगता यायचं नाही.

शेवटचं पद संपलं. लोक अंगणात हंडीखाली गेले. बाबल काठी घेऊन चौथऱ्यावर चढला. तुळाजीचा हात सवयीने वर गेला, आणि बुवांनी नुसतं त्याच्याकडे बघितलं. तो हात तसाच मांडीवर आला.

"धाक्या," बुवा माइकमध्ये म्हणाले, "काला तयार आहे. थाप दे."

शांतता. कर्ण्यातून काहीच नाही.

लोक वाट बघत राहिले. कुठेतरी कावळा ओरडला. एक पोर रडलं, त्याला आईने छातीशी धरलं.

"बुवा," बाबल वरून म्हणाला, आता त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती, "माणूस अंथरुणाला खिळलाय. कशाला त्याची परीक्षा बघता? तुळाजी देईल थाप. देव काय रागावतोय?"

बुवांनी ऐकलंच नाही. "धाक्या, थाप दे."

काही नाही. बुवांचा हात उपरण्याकडे गेला. कीर्तन संपल्यावर ते गळ्यातलं उपरणं काढून देवापुढे ठेवत. गाव समजून गेला, बुवा गादी सोडतायत. कोणीतरी हुंदका दिला.

तेव्हा माझी नजर पडद्यावर गेली. धाकूदादाच्या पट्टीत हिरवी रेघ नाचत होती.

मी कानावरचे हेडफोन दाबून धरले. आवाज शून्य. पण रेघ उडत होती. दोनदा ठेंगणी, एकदा उंच, मग रिकामं. पुन्हा दोनदा ठेंगणी, एकदा उंच, रिकामं. वाटलं, धुक्यात डोळे फसतायत. मग माझ्याही नकळत माझं बोट गुडघ्यावर पडायला लागलं. तो आमच्या पालखीचा ठेका होता. लहानपणापासून ज्याच्यावर पावलं टाकली तो.

आवाज आत येत होता आणि बाहेर पडत नव्हता. मध्ये कोण अडवतंय? पट्टीच्या खाली एक बारीक खूण होती, 'आवाज स्वच्छ करा'. ती पाहुण्याच्या पट्टीवर आपोआप चालू असते. पंखा, भांडी, आपटाआपट, माणसाचं बोलणं सोडून जे जे असेल ते कचरा म्हणून काढून टाकते. धाकूदादा बोलू शकत नव्हता. त्याच्याकडे होतं ते सगळं त्या खुणेच्या लेखी कचराच होतं.

मी ती खूण बंद केली.

धप धप... धप.

कर्ण्यातून मंडपभर. मऊ, लांबचा, जणू कोणी जमिनीखालून हाक मारतंय.

"मंदा!" मी ओरडले. "उशी काढ! हाताखालची उशी काढ गो!"

"आँ? का?"

"काढ आधी!"

पडद्यावर तिचा हात आला. आणि मग सागवानी लाकडावर सुताराचा हात पडला. टक टक... ठक. टक टक... ठक. खणखणीत.

बुवांचा उपरण्यावरचा हात खाली आला. त्यांनी डोळे मिटले. "डावा नाहीये," ते म्हणाले. "उजवाच बोलतोय." मग वळले. "तुळाजी."

तुळाजीने आपला मृदंग बाजूला सारला, धाकूदादाचा मांडीवर घेतला, ताज्या कणकेवर डावा तळवा ठेवला. उजवा हात त्याने पाठीमागे नेला. बडोद्याची टक आली आणि तिच्याखाली तुळाजीची धूम मिसळली. शपथ सांगते, एकच मृदंग वाजत होता. एक हात इथे, एक तिथे, मधे अर्धा गुजरात.

टाळकऱ्यांना राहवलं नाही. टाळ झणाणले, लोकांनी गजर केला. आणि दोन क्षणांत पलीकडचा हात अडखळला. टक... टकटक... थांबला.

"आमचा आवाज जातोय त्याच्याकडे?" बुवांनी मला विचारलं.

"जातोय, पण उशिरा. त्याने त्यांची लय मोडतेय."

"बंद कर."

"बुवा! मग त्यांना काहीच ऐकू जायचं नाही. ना गजर, ना तुम्ही."

"कुमुद, इतकी वर्षं मी पुढे आणि तो मागे उभा राहिला. आज तो पुढे. त्याला आमची गरज नाही, त्याच्या आत देऊळ आहे. बंद कर."

मी उजव्या रांगेतल्या पट्ट्या एकेक करून खाली ओढल्या. टाळ. मृदंग. मंडप. शेवटी बुवांची. आता बडोद्यात त्या खोलीत नुसती शांतता होती.

बुवांनी हात वर करून गावाला थोपवलं. आम्ही ऐकत राहिलो. धुक्याचे थेंब पन्हळीवरून गळत होते.

टक टक... ठक.

कोणाच्याही आधाराशिवाय. पहिल्यापेक्षा सावकाश, पहिल्यापेक्षा ठाम. तुळाजीचा डावा आला. बुवांनी अगदी हळू नाम घेतलं, टाळ त्यामागे, गाव त्यामागे. सगळा गाव एका माणसाच्या मागे चालला होता, ज्याला आम्ही ऐकू येत नव्हतो. किती वेळ चाललं ते कोण सांगणार? मला आठवतं ते एवढंच, की ऊन चढत होतं आणि हंडीची सावली बाबलच्या पायांशी आली होती.

मग ठेका थांबला. एक थाप पडली. दुसरी पडली.

तिसरी येईना.

बाबल काठी उगारून उभा. बुवांचे ओठ हलत होते. मी देवाकडे बघितलं नाही, पट्टीकडे बघत होते. देव तेव्हा माझ्यासाठी तिथेच होता.

रेघ उठली.

थाप आली, आणि बाबलची काठी बसली. दही, लाह्या, खापऱ्या, सगळा आनंद एकदम लोकांच्या डोक्यावर कोसळला. गजर असा उठला, की धुकंच फाटलं म्हणा. मी काल्याकडे धावले नाही. दोन्ही हातांनी उजव्या रांगेतल्या सगळ्या पट्ट्या वर सारल्या, पार टोकापर्यंत.

मग वाट बघितली. आवाजाला जायला वेळ लागतो ना.

पडद्यावर धाकूदादाचा चेहरा आवाजाच्या दिशेने, फोनकडे वळला. त्याने उजवा हात पलंगावरून उचलला, छातीपर्यंत आणला, आणि तो हात तिथेच चाचपडत राहिला, जोडीदार शोधत. मंदाला आधी समजलं नाही. मग समजलं.

"ताई," ती रडत म्हणाली, "बुवांना सांगा. माझा हात धरलान, आणि आपल्या हाताला जोडलान. नमस्कार केलान."

बुवांनी गादीवरूनच, कोणीतरी काल्याचं दही लावलेल्या कपाळाने, त्या लॅपटॉपपुढे डोकं टेकलं.

चैत्र लागायच्या आत धाकूदादा गेला. बुवा पुढे काही वर्षं उभे राहिले, तुळाजी मागे. आता बुवाही नाहीत. लॅपटॉप तीनदा बदलला, प्रोग्राम तोच आहे. प्रत्येक वेळी ती शेवटची पट्टी येते, मी 'पाहुणा' पुसते आणि धाकूदादाचं नाव घालते. पलीकडे कोणी नसतं. तरी पट्टी वर ठेवते आणि स्वच्छतेची खूण बंद. काल्याच्या दिवशी कधीकधी त्या रिकाम्या पट्टीत हिरवी रेघ जराशी थरथरते. विजेचं काहीतरी असेल. मी बघत बसते.

तर मायबाप, एवढंच मागणं. पुढच्या वेळी काल्याची लाही हातावर पडेल, तेव्हा ती तोंडात टाकायच्या आधी क्षणभर थांबा. आणि आमच्या धाकू पांचाळाची आठवण करा.